कटर लावण्याआधी आरसी बघा: ठाणे-नवी मुंबईतल्या मॉडिफिकेशन गॅरेजवाल्यांना खुले पत्र

प्रति,
वागळे इस्टेट, कोपरी, कळवा, रबाळे, महापे आणि तुर्भे भागातल्या गाळ्यांमध्ये जुन्या मोटारसायकली मॉडिफाय करणारे सर्व मिस्त्री, फॅब्रिकेटर आणि गॅरेजमालक यांस,

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. जुनी जावा किंवा येझदी तुमच्या गाळ्यात आली, ती पूर्ण असली, तिचे चासी-इंजिनचे नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, जुळत असले आणि कागद जागेवर असले, तर तिच्या चासीला, म्हणजे मूळ सांगाड्याला, ग्राइंडर लावू नका. गिऱ्हाइकाला हँडल बदलून द्या, सीट बदलून द्या, चाकं बदलून द्या. नट-बोल्ट खोलून जे बदलता येतं आणि उद्या नट-बोल्ट खोलूनच परत आणता येतं, ते सगळं खुशाल करा. पण कापू नका. आणि खोललेला एकही पार्ट किलोच्या भावात जाऊ देऊ नका.

तुमच्या कामाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. माझी उभी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये झाली. १९६२ साली एमआयडीसीचं काम जिथून सुरू झालं ती ही वसाहत. टर्नर, फिटर, मिलर, वेल्डर यांच्या दोन-तीन पिढ्या तिने घडवल्या. आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत तिथे तीन पाळ्यांत लेथ चालायचे. त्या हातांचं कसब आता बऱ्याच अंशी तुमच्या गाळ्यांतच शिल्लक आहे. उपवनला रविवारी सकाळी तुम्ही बांधलेल्या गाड्या उभ्या असतात तेव्हा मी वाकून आधी वेल्डिंग बघतो. टिगची शिवण एकसारखी, कुठे जळलेलं नाही, कुठे लांबी (पुट्टी) भरून लपवलेलं नाही. सपाट पत्र्यातून हाताने ठोकून टाकी काढणारी पोरं तुमच्यात आहेत, हे मी स्वतः पाहिलंय. ज्याला नुसतं कापताच येतं त्याला पत्र लिहून उपयोग नसतो. तुम्हाला जोडताही येतं, म्हणून लिहितोय.

मॉडिफिकेशन करणं हे पाप आहे असं मानणाऱ्यांतला मी नाही. कॅफे रेसर हा प्रकार काही कालपरवा इंस्टाग्रामवर जन्मला नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटनमधली तरुण मुलं लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी गाड्या घेऊन जमायची. हँडल खाली, पाय मागे, वजन कमी, वेग जास्त. नॉर्टनची फेदरबेड चासी घ्यायची, तिच्यात ट्रायम्फचं इंजिन बसवायचं आणि तिला ट्रायटन म्हणायचं. त्या काळात बांधलेली ट्रायटन आज स्वतःच जपून ठेवण्याची गाडी झाली आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना आहे, फिवा. तिने ट्युरिनची सनद म्हणून तत्त्वं ठरवली आहेत. गाडी वापरात असताना, तिच्याच काळात तिच्यावर झालेले बदल हा तिच्या इतिहासाचा भाग आहे, हे त्या तत्त्वांतही धरलेलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात ठाण्यातल्या एखाद्या घरात मोटारसायकल आली की नारळ फुटायच्या आधी साडी गार्ड लागायचा. मग लेग गार्ड, बाजूला कुलपाचा डबा, मागे डब्यांचं कॅरिअर. कारखान्याच्या कॅटलॉगमध्ये यातलं काही नसेल. तरी असा साडी गार्ड लागलेली गाडी माझ्याकडे आली तर तो मी काढू देत नाही. त्यावर कोणीतरी पंचवीस वर्षं एका बाजूला पाय टाकून बसलेलं असतं.

पण ट्रायटन बांधणाऱ्या पोरांच्या आणि आपल्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. ते ज्या गाड्या खोलत होते त्यांचे कारखाने तेव्हा चालू होते. बाहेर रस्त्यावर तशाच हजारो गाड्या धावत होत्या. जावाचं तसं नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला, चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर. २५० सीसीची टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्यानंतर एकही अस्सल मडगार्ड, हेडलाइटचा एकही अस्सल डोम तिथून बाहेर पडलेला नाही. २०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं हे खरं. पण त्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे, पाण्याने थंड होणारं आहे, आणि तिचं सामान जुन्या गाडीच्या उपयोगाचं नाही. बाजारात नवीन म्हणून जे मिळतं ते कुणीतरी जुन्यावरून डाय काढून बनवलेलं असतं. पत्रा पातळ, भोकं जागेवर नाहीत. बसवताना तुम्हीच शिव्या घालता. मग जो अस्सल पत्रा तुमच्या गाळ्यात आपल्या पायांनी चालत आलाय, तो कापायचा कशाला?

बुलेटचं गणित वेगळं आहे. मद्रासला १९५५ मध्ये सुरू झालेली ती गाडी आजही बनते, सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. नव्वदच्या दशकातली, तीन हातांतून गेलेली, आधीच दोनदा इंजिन बदललेली बुलेट कापून तुम्ही बॉबर, म्हणजे मागून छाटलेली आखूड गाडी, केलीत तर माझं काहीही म्हणणं नाही. उलट मी बघायला येईन. साठच्या दशकातली पूर्ण गाडी असेल तर मात्र जावाला जे लागू तेच तिलाही.

चरईतल्या एका घरातली जावा मला माहीत होती. घेतली तेव्हापासून एकाच माणसाच्या नावावर. ते रेल्वेत होते, ठाणे स्टेशनला ड्यूटी संपवून घरी यायचे ते याच गाडीवर. ती गाडी जवळून बघायला मिळणं हे माझ्यासारख्याला शिकणं होतं. टाकीचा रंग मरून, बाजूला क्रोम, आणि क्रोमच्या कडेने फिकट पिवळी रेघ. ती रेघ हाताने ओढलेली होती. जिथे ब्रश टेकला तिथे केसभर जाड, पुढे बारीक होत गेलेली. गुडघ्यांचे रबर झिजून एका बाजूला गुळगुळीत झालेले, कारण मालक नेहमी उजवा गुडघा टाकीला टेकवून बसायचे. हेडलाइटच्या डोममध्येच स्पीडोमीटर, आणि तिथेच इग्निशन. किल्ली फिरवायची नाही, खिळ्यासारखी आत दाबायची. किक आणि गिअर यांना एकच लिव्हर: आत दाबून मागे फिरवला की किक, गाडी चालू झाली की पुन्हा पुढे आणून गिअर. गिअर टाकताना पायाखाली क्लच आपोआप सुटतो. चेन पत्र्याच्या बंद डब्यात, त्यामुळे पावसाळ्यात ग्रीस धुऊन जात नाही. असा विचार करून बनवलेली गाडी होती ती.

मालक गेल्यावर मुलाने ती एका गाळ्यात दिली. गाळा कुठला ते मी लिहिणार नाही. गाडीची बॉबर झाली. चासीचा मागचा लूप, म्हणजे सीटखालून मागे वळलेला पाइप, कापला. डोमच्या जागी गोल एलईडी दिवा आला. टाकी ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग उडवून, मॅट काळी केली, ती रेघ त्यातच गेली. मला कळलं तेव्हा मी धावत गेलो, निदान काढलेलं सामान तरी मिळेल म्हणून. डोम, मागचा मडगार्ड, चेनचा डबा, टूलबॉक्स, सगळं बाकीच्या पत्र्याबरोबर शीळफाट्याच्या भंगारात गेलं होतं. गिऱ्हाइकाने मागितलं नाही, म्हणून ठेवलं नाही, असं मला सांगण्यात आलं. पुढे नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ आली तेव्हा चासी नंबरावर पावडर कोटिंगचा इतका जाड थर होता की पेन्सिलने छाप घेताना अर्धे आकडे उमटेनात. जे उमटले ते वाचल्यावरही गाडी आरसीवरच्या वर्णनाशी जुळेना. ती गाडी आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. मुलाला ती चालवता येत नाही, विकता येत नाही. आणि त्याला वडिलांची गाडी हवी होती हो, म्हणून तर त्याने एवढे पैसे घातले. त्याला कुणी आधी दोन गोष्टी सांगितल्या असत्या तर त्याने ऐकलं असतं, याची मला खात्री आहे.

त्या दोन गोष्टींतली एक म्हणजे कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये हे आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. एमएच ०४ असो की एमएच ४३, उद्या नाक्यावर गाडी अडवली की तुम्ही तिथे नसता, तो एकटा असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला व्हीए अक्षरांची मालिका मिळते. अशी गाडी रोज कामावर नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. पण या सगळ्याला एक अट आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको.

म्हणजे काय होतंय बघा. १९७३ ची गाडी २०२३ मध्ये पन्नाशीला पोचली, १९७४ ची २०२४ मध्ये. दरवर्षी जावा-येझदीचं एकेक साल या नियमाच्या आत येतंय. तुम्ही लूप कापलात की ती गाडी या दारातून कायमची बाहेर गेली. राजदूत ३५० आली १९८३ मध्ये, आरएक्स १०० आली १९८५ मध्ये. त्यांची पन्नाशी २०३३ आणि २०३५ मध्ये. तोवर त्यांना या व्हिंटेज नियमाचं संरक्षण नाही. त्यांचं संरक्षण म्हणजे तुमचा एक नकार. आज आरएक्स कापायला येणाऱ्या पोरांची रांग किती आहे ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

यंत्राच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण गाडी रॅम्पवर उभी असते तोवर सगळं छान दिसतं. मागचा लूप हा सीट टेकवायला दिलेला पाइप नाही, शॉकअॅब्सॉर्बरचा भार तिथेच येतो. तो कापून, पाइप वाकवून तुम्ही नवा जोडता तेव्हा भार कुठे जातो याचा हिशेब केलेला असतो का? घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत, दोन्ही बाजूंना कंटेनर असताना तो जोड तुटला तर सावरायला जागा नसते. तसंच एअर फिल्टरचं. टू-स्ट्रोकचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला की हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं. फोर-स्ट्रोकवाल्याला त्याने फार तर पिकअप कमी वाटेल. पण जावाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला ऑइलही कमी. कार्ब्युरेटरचं जेट न बदलता अशी गाडी उन्हाळ्यात माजिवड्यापासून ओवळ्यापर्यंत खेचली की पिस्टन जॅम होतो आणि मागचं चाक जागीच धरतं. मागे जाड टायर घालण्याच्या हौसेत चेन टायरला घासते, तीही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. मडगार्ड काढल्यावर आपल्या पावसात काय होतं हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

आता आमच्या बाजूच्या लोकांबद्दलही सांगतो, कारण गुन्हा फक्त कटरवाल्यांचा नाही. जुनी गाडी मूळ स्वरूपात ठेवतो म्हणणारे कित्येक जण तिला कारखान्यातून निघाली नव्हती इतकी चकचकीत करतात. जिथे काळा रंग होता तिथे क्रोम, जिथे एनॅमल होता तिथे मेटॅलिक, प्रत्येक नट स्टीलचा. पन्नास वर्षांचा मूळ रंग टिकलेली टाकी ब्लास्टिंगला देतात, दोन चरे आहेत म्हणून. हेही मूळ घालवणंच आहे. चरे असू द्या. गंज थांबवा, आतून टाकी स्वच्छ करा, वायरिंग सुरक्षित करा, ब्रेक शू नवीन घाला, टायर नवीन घाला, सिलिंडरचा बोअर गेला असेल तर स्लीव्ह टाका, कारण जीव महत्त्वाचा आणि गाडी चालली पाहिजे. सहा व्होल्टच्या दिव्यात रात्री काही दिसत नसेल तर बारा व्होल्ट करा, पण जुनी कॉइल आणि रेग्युलेटर डब्यात घालून ठेवा. जिथे रंग गेलाच आहे तिथे रंग द्या.

तुमचं पोट यावर आहे हे मला कळतं. गाळ्याचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. रिस्टोरेशनला आठ-आठ महिने लागतात, एका बुशसाठी चार बाजार फिरावे लागतात, गिऱ्हाईक मध्येच पैसे थांबवतं. बॉबर दीड-दोन महिन्यांत बाहेर पडते, व्हिडिओ चालतो, त्यावरून पुढचं काम येतं. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मी बांधणं थांबवा म्हणत नाही. बांधायला सांगाडे भरपूर आहेत: इंजिन एका गाडीचं, चासी दुसरीची, मडगार्ड तिसरीचा, टाकीचा पत्ता नाही, अशा गाड्या कळव्यापासून पनवेलपर्यंत गॅरेजांच्या मागच्या भिंतींना टेकून सडत आहेत. त्यांत कागद सरळ असलेली एखादी शोधा, बदलाचं आरटीओशी आधी बोला, आणि सगळी कला तिच्यावर ओता. मात्र नंबर पंच करून नवी ओळख देण्याच्या भानगडीत कुणीही पडू नका. तो फौजदारी मामला आहे, आणि चोरीच्या गाड्यांना वाट तिथूनच मिळते.

आणि रिस्टोरेशनचे पैसे मागायला लाजू नका. किकच्या शाफ्टचे झिजलेले दाते भरून परत कापणं, क्रँकपिन नवीन टाकून दोन्ही बाजू एका रेषेत आणणं, टाकी न कापता तिचे पोचे आतून काढणं, हे करणारे लोक ठाण्यात आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. माझ्याबरोबरचे टर्नर सत्तरीला आले. तुमच्या गाळ्यात बावीस-पंचवीस वर्षांचं जे पोरगं ग्राइंडर धरून उभं आहे, त्याला यातलं एखादं काम एखाद्या म्हाताऱ्या टर्नरकडे बसवून शिकवा. त्याचा दर उद्या तोच ठरवेल.

गाडी आली की आधी आरसी मागा आणि साल बघा. मग कपडा मारून चासी आणि इंजिनचा नंबर वाचा, कागदाशी जुळतो का ते गिऱ्हाइकासमोर बघा. खोलायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, टाकीचा खालचा भागसुद्धा, कारण मूळ रंग बहुतेक वेळा तिथेच शाबूत असतो. ब्लास्टिंगला किंवा कोटिंगला देताना नंबरावर टेप मारा. काढलेल्या प्रत्येक पार्टला चिठ्ठी बांधा आणि गाडी देताना ते पोतं गिऱ्हाइकाच्या हातात द्या. त्याला नको असेल तर ते घेणारे लोक आहेत, भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्तच देतील.

ज्यांच्या घरात वडिलांची, काकांची, आजोबांची गाडी आहे त्या तरुणांनाही इथेच सांगतो. वर्षभर तशीच चालवा. किकला कधी पाय घसरेल, पॉइंट साफ करावे लागतील, सिग्नलला पांढरा धूर निघेल. वर्षभरानंतरही ती बदलावीशी वाटली तर हँडल आणि सीटपासून सुरुवात करा.

गाडी कापावी की नाही अशी शंका आली तर मला दाखवा. रविवारी सकाळी सात ते नऊ मी उपवन तलावाजवळ असतो, निळ्या येझदीजवळ. साल कुठलं, काय मूळ आहे, काय नंतर लागलं, कुठला पार्ट दुर्मीळ आहे, हे मी गाडीशेजारी बसून सांगेन आणि त्याचे पैसे घेणार नाही. गाळ्यात बोलावलंत तर तिथेही येईन, कोपरीला असो की तुर्भ्याला. आणि जावाचा डोम, चेनचा डबा, मडगार्ड असं काही काढून ठेवलेलं असेल तर ते तसंच राहू द्या. ते शोधणारे लोक मला माहीत आहेत, त्यांना तुमच्याकडे पाठवतो.

आपला,
एक येझदीवाला, निवृत्त टूलरूम फिटर
उथळसर, ठाणे